जुना व्हिडिओ गेम आणि नवा पडदा : चित्र कोठे हरवते?



तुमचे वडील, काका किंवा मामा १९९० ते २००० या काळात शाळेत शिकत असतील, तर त्यांना एक प्रश्न विचारून पाहा : ‘तुमचा तो व्हिडिओ गेम आता कोठे आहे?’ बऱ्याच घरांत याचे उत्तर ‘माळ्यावर’ असे मिळेल. समुराई, मीडिया, टर्मिनेटर अशा नावांचे ते प्लॅस्टिकचे डबे, त्यांत वरून खुपसायच्या कॅसेटी आणि वायरीने जोडलेले दोन रिमोट. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट ही नावे काढताच मोठी माणसेसुद्धा क्षणभर लहान होतात!

मग डबा खाली येतो. धूळ झटकली जाते. नव्या, चांगल्या मोठ्या एलईडी दूरचित्रवाणी संचाला तो जोडला जातो आणि सर्वांचीच निराशा होते. कधी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. कधी चित्र येते, पण धुरकट. अक्षरांच्या कडांवर रंगांचे पाझर दिसतात आणि बटण दाबल्यावर मारिओ उडी मारतो तो किंचित उशिरा, म्हणजे खड्ड्यात पडल्यावर. ‘आमच्या वेळी तर हे चित्र किती छान दिसायचे!’ असे काका म्हणतात. काकांची स्मरणशक्ती दगा देत आहे की यंत्र बिघडले आहे?

बहुधा दोन्ही नाही. यंत्र आणि पडदा यांची भाषा बदलली आहे. ही भाषा जुळवून देणारा, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारे चित्र सुधारून देणारा कारागीर जळगावात किंवा धुळ्यात शोधायचा, तर त्याला नेमके काय करायला सांगायचे? त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवले पाहिजे : यंत्रापासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर चित्र नेमके कोठे हरवते?

डब्याच्या आत किती चित्र असते?

आपल्याकडे विकले गेलेले हे बहुतेक डबे एकाच यंत्राच्या नकला होत्या. ते मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलेले ‘फॅमिली कॉम्प्युटर’. त्यात दोन मुख्य चिप असतात. एक हिशेब करते, दुसरी चित्र काढते. चित्र काढणाऱ्या चिपचे काम चौकोनी ठिपके मांडण्याचे. आडव्या ओळीत २५६ ठिपके आणि अशा २४० ओळी. एकूण २५६ × २४० = ६१,४४० ठिपके.

आजच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० × १०८० = २०,७३,६०० ठिपके असतात. म्हणजे जुन्या चित्राच्या जवळजवळ चौतीस पट. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुने चित्र लहान होते, अस्पष्ट नव्हते. चिपच्या आत प्रत्येक ठिपक्याचा रंग एका आकड्याने ठरलेला असतो. चार अंक रंगाच्या छटेसाठी आणि दोन अंक तेजस्वितेसाठी, असे सहा द्विमान अंक. त्यांतून चौसष्ट संकेत तयार होतात. काही संकेतांचा रंग काळाच येत असल्याने प्रत्यक्षात वेगळे दिसणारे रंग पन्नासाहून थोडे अधिक मिळतात. आलेखाच्या कागदावर एकेक चौकट रंगवावी, तितके हे चित्र रेखीव असते. धुरकटपणा येतो तो चित्र डब्याबाहेर निघाल्यावर.

एक ओळ, चौसष्ट मायक्रोसेकंद

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्यासाठी भारताने ‘पाल’ नावाची पद्धत स्वीकारली. तिच्यात पूर्ण चित्र ६२५ ओळींचे असते. ते एकदम दाखवले जात नाही. आधी विषम ओळी, मग सम ओळी, असे दोन अर्ध्या भागांत दाखवतात. सेकंदाला असे पन्नास भाग, म्हणजे पंचवीस पूर्ण चित्रे. ६२५ × २५ = १५,६२५ ओळी एका सेकंदात! एका ओळीच्या वाट्याला वेळ येतो १ ÷ १५,६२५ सेकंद, म्हणजे ६४ मायक्रोसेकंद.

जुन्या काचेच्या नळीच्या संचात इलेक्ट्रॉनांचा झोत या वेळात पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो आणि झटकन परत फिरतो. आपल्या यंत्राची ‘पाल’ आवृत्ती एक ठिपका सुमारे ०.१८८ मायक्रोसेकंदात काढते. २५६ ठिपक्यांना लागतात सुमारे ४८ मायक्रोसेकंद. उरलेला वेळ कडेच्या पट्टीत आणि झोत परत नेण्यात जातो. यंत्राचे आकडे संचाच्या तालावर कसे बसवले आहेत, पाहिलेत ना?

यंत्र करणाऱ्यांनी आणखी एक युक्ती केली. सम-विषम ओळींची अदलाबदल त्यांनी केलीच नाही. प्रत्येक वेळी सारख्याच ओळींवर, सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रे त्यांनी काढली. अधल्यामधल्या ओळी काळ्याच राहत. काचेच्या नळीला त्याचे काही वाटत नसे. तिला ‘हा नियम मोडला’ असे कळण्याची सोयच नव्हती. सांगितले तेव्हा, सांगितले तेथे उजळायचे, इतकेच तिला ठाऊक. हीच युक्ती पुढे नव्या पडद्याला कशी अडचणीची ठरते, ते लवकरच पाहू.

गाठोड्यावर गाठोडे

आता चित्राचा प्रवास पाहू. पडद्यावर शेवटी लागतात तीन गोष्टी : तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती. हे तीन संदेश तीन स्वतंत्र तारांनी पाठवले, तर काहीच हरवत नाही. पण तीन तारा कोण घालणार? आणि हवेतून पाठवायचे असेल, तर तारांचा प्रश्नच येत नाही. म्हणून चित्राचे गाठोडे बांधावे लागले.

पहिले गाठोडे असे : तेजस्वितेचा एक संदेश आणि रंगाचा दुसरा. रंगासाठी ४.४३ मेगाहर्ट्झ वारंवारतेची एक लहर घेतात आणि तिला वेळेत थोडी मागेपुढे सरकवतात. किती सरकवले यावरून रंगाची छटा कळते. लहरीचा आकार किती मोठा यावरून तो रंग गडद की फिका ते कळते. मग ही रंगाची लहर तेजस्वितेच्या संदेशात मिसळून दोन्ही एकाच तारेने पाठवतात. संचामागच्या पिवळ्या भोकात जाते ती हीच तार. तिला कॉम्पोझिट, म्हणजे संमिश्र संदेश म्हणतात.

दुसरे गाठोडे त्याहून मोठे. हा संमिश्र संदेश एका उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर चढवतात, अगदी दूरदर्शनच्या प्रक्षेपण केंद्राप्रमाणे. चौथ्या चॅनेलसाठी चित्राची वाहक लहर ६२.२५ मेगाहर्ट्झची असते. व्हिडिओ गेमच्या आतली पत्र्याची लहानशी डबी म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! फक्त त्याचे प्रक्षेपण हवेत न जाता तारेने संचाच्या अँटेनाच्या भोकात जाते. ज्या काळी संचांना अँटेनाखेरीज दुसरे भोकच नसे, त्या काळी हीच एक वाट होती.

गाठोडे बांधले की काहीतरी चुरगळणारच. रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या वाघिणीत दाबून भरली, तर दिल्लीला ती कितीही जपून उतरवली तरी दबल्याचे डाग जात नाहीत. चित्राचेही तसेच आहे. रंगाच्या संदेशाला संमिश्र तारेत जागा थोडी मिळते, सुमारे १.३ मेगाहर्ट्झची. १.३ मेगाहर्ट्झच्या लहरीचे अर्धे आवर्तन पुरे व्हायला सुमारे ०.३८ मायक्रोसेकंद लागतात. आपला ठिपका ०.१८८ मायक्रोसेकंदाचा. याचा अर्थ, एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाईपर्यंत दोन ठिपके संपलेले असतात! अक्षरांच्या कडांवर दिसणारा रंगाचा पाझर तो हाच. शिवाय तेजस्वितेतले बारीक तपशील आणि रंगाची लहर एकाच तारेत असल्याने संच कधीकधी एकाला दुसरे समजतो आणि रेषांवर मुंग्यांसारखे ठिपके चालताना दिसतात.

यातून एक नियम निघतो : वाटेत हरवलेली माहिती पुढे कितीही महागडा संच लावला तरी परत मिळत नाही. चित्र सुधारायचे तर ते गाठोडे बांधण्याच्या जितके आधी पकडता येईल तितके पकडावे. सर्व सुधारणांचे सार या एका नियमात आहे.

नवा पडदा का गोंधळतो?

काचेच्या नळीला विचार करावा लागत नव्हता. नव्या पडद्याला करावा लागतो. आलेला संदेश तो आधी आकड्यांत बदलतो, साठवतो, मोठा करतो आणि मग दाखवतो. पन्नास पूर्ण चित्रांची युक्ती येथे अंगाशी येते. नवा संच समजतो, ही नेहमीप्रमाणे सम आणि विषम ओळींची अर्धी-अर्धी चित्रे आहेत. तो लागोपाठची दोन चित्रे एकमेकांत विणून एक करतो. स्थिर चित्र थरथरते, पळणाऱ्या आकृतीला कंगव्यासारखे दाते फुटतात. मूळ यंत्र एका ओळीत आठपेक्षा जास्त हलत्या आकृत्या दाखवू शकत नाही. म्हणून कित्येक खेळांत त्या आळीपाळीने, एक सोडून एक चित्रात दाखवलेल्या असतात. अशा लुकलुकणाऱ्या आकृत्या विणकामात कधी पट्टेदार होतात, कधी साफ नाहीशा होतात. शत्रूची गोळीच दिसली नाही, तर खेळणार कसे?

दुसरी अडचण भागाकाराची आहे. २४० ओळी १०८० ओळींवर बसवायच्या तर प्रत्येक ओळ साडेचार ओळींएवढी करावी लागते. अर्धी ओळ पडद्यावर नसते. मग काही ओळी चारपट आणि काही पाचपट होतात, किंवा कडा पुसट करून संच वेळ मारून नेतो. त्यापेक्षा बरोबर चौपट, म्हणजे ९६० ओळी करून वरखाली काळी पट्टी सोडली, तर प्रत्येक ठिपक्याची उंची सारखी राहते. एवढासा उपाय, पण चित्र लगेच नेटके दिसते.

तिसरी अडचण वेळाची. साठवणे, विणणे, मोठे करणे यांत एक-दोन नव्हे, कधीकधी चार-पाच चित्रांइतका वेळ जातो. एक चित्र २० मिलिसेकंदांचे, म्हणून पाच चित्रे म्हणजे १०० मिलिसेकंद. बातम्या पाहताना हा उशीर जाणवत नाही. मारिओच्या उडीत जाणवतो. बऱ्याच संचांत ‘गेम मोड’ असतो. तो लावल्यावर संच अनावश्यक प्रक्रिया वगळतो आणि उशीर कमी होतो. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून तो सर्वांत आधी करावा.

सुधारणेच्या पायऱ्या

पायरी शून्य : वीजपुरवठा. चित्राला हात लावण्यापूर्वी यंत्र निरोगी आहे ना, ते पाहावे. पडद्यावर दोन आडवे जाड पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकताना दिसतात काय? आपली वीज ५० हर्ट्झची. पूर्ण-तरंग एकदिशीकरणानंतर तिच्यातील लहर १०० हर्ट्झची होते. चित्रे सेकंदाला पन्नास, म्हणून एका चित्रात दोन पट्टे. असे पट्टे दिसले, तर अॅडॅप्टरचे किंवा आतले कंडेन्सर (धारित्र) सुकले असण्याचा संभव मोठा. अशा कंडेन्सरांबद्दल ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. तेथे वीस-पंचवीस उन्हाळे काढलेल्या कंडेन्सरांकडून आणखी काय अपेक्षा करावी? हे काम कोणताही चांगला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक करू शकतो.

एक इशारा येथेच देतो. अॅडॅप्टरची पिन बसली म्हणजे तो चालतो, असे नाही. कोणाला ९ व्होल्ट एकदिश वीज लागते, कोणाला प्रत्यावर्ती. कोठे पिनेच्या मधोमध ऋण ध्रुव असतो, कोठे धन. मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय जोडू नये. अमेरिकेतून कोणी आणलेल्या यंत्राचा १२० व्होल्टचा अॅडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या वीजजोडणीत घातला, तर तो तर जळेलच, पण त्याच्यासोबत यंत्रही जाऊ शकते.

पायरी पहिली : संमिश्र संदेश थेट घेणे. आधी डब्याची मागची बाजू पाहा. पिवळे-पांढरे भोक असेल, तर ही पायरी कारखान्यानेच करून ठेवली आहे. फक्त योग्य वायर घ्या. नसेल, तर पत्र्याच्या डबीत शिरण्यापूर्वीचा संदेश पकडावा लागतो. पण नुसती तार डकवून चालत नाही. संचाचा पिवळा मार्ग ७५ ओहमचा असतो. त्यावर १ व्होल्टचा संदेश द्यायचा तर १ ÷ ७५, म्हणजे सुमारे १३ मिलिअँपिअर विद्युतधारा लागते. नाजूक चिपला हा भार पेलत नाही. म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर घालतात. तो व्होल्टता वाढवत नाही, विद्युतधारा पुरवतो. त्याच्यापुढे ७५ ओहमचा रोध जोडला की ट्रान्झिस्टरकडचे २ व्होल्ट रोध आणि संच यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात आणि संचाला बरोबर १ व्होल्ट मिळतो. मोजके सुटे भाग आणि अर्ध्या तासाचे काम, पण मुंग्या जातात आणि चॅनेल शोधण्याचा त्रासही संपतो. दूरदर्शनने जुन्या पद्धतीची आपली बहुतेक भूप्रसारण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली आहेत. पुढे नव्या संचांत त्या पद्धतीचा ग्राहक राहीलच असे नाही. तेव्हा ही पायरी यंत्राला जिवंत ठेवणारी आहे.

पायरी दुसरी : तीन स्वतंत्र रंग. येथे यंत्रायंत्रांत फरक पडतो. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राच्या मागच्या भोकातून तांबडा, हिरवा आणि निळा हे तिन्ही संदेश मुळातच बाहेर येतात. ते उघडण्याची गरजच नाही. योग्य वायर आणि परिवर्तक मिळाले की झाले. प्लेस्टेशन २ चेही तसेच. त्याला तीन तारांची ‘कॉम्पोनंट’ वायर मिळते. निन्टेन्डोचे मूळ यंत्र मात्र हट्टी आहे. त्याची चित्राची चिप आकड्यांपासून सरळ संमिश्र संदेशच तयार करते. तीन रंग तिच्यातून कधी बाहेर येतच नाहीत. त्यावर परदेशातील हौशी अभियंत्यांनी युक्ती काढली. चित्राची चाळीस पायांची चिप उपटायची, खाली एक लहान सर्किटची पाटी बसवायची आणि चिप पुन्हा त्या पाटीवर लावायची. चिपकडे येणारे-जाणारे आकडे ही पाटी ‘ऐकते’ आणि त्यांवरून स्वतः नवे चित्र रचते. याच तत्त्वावर थेट एचडीएमआय संदेश देणाऱ्या पाट्याही निघाल्या आहेत. गाठोडे बांधण्याआधी माहिती पकडण्याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही!

पण आपल्या माळ्यावरच्या डब्याचे काय? तो उघडल्यावर आत चाळीस पायांच्या दोन लांबट चिप दिसल्या, तर तुम्ही नशीबवान. तरीही मूळ कंपनीच्या चिपसाठी केलेली पाटी नकली चिपवर चालेलच, असे धरून चालू नये. नंतरच्या स्वस्त डब्यांत तर चिपच दिसत नाहीत. दिसतो एक काळा, घट्ट थेंब. सगळे यंत्र त्या एका थेंबाखाली असते आणि आतल्या आकड्यांपर्यंत पोचायला वाट नसते. अशा डब्याची सुधारणा पहिल्या पायरीवर संपते. ‘यालाही एचडी करून देतो’ असे कोणी सांगितले, तर त्याने थेंब नीट पाहिलेला नाही, हे ओळखावे.

पायरी तिसरी : परिवर्तक. पेटीतला बदल न करता बाहेर लावायचा हा डबा. बाजारात काही शे रुपयांना मिळणारा पिवळ्या तारेचा एचडीएमआय परिवर्तक चित्र पडद्यावर आणून देतो खरा. पण तोही जुन्या चित्रांना अर्धी-अर्धी समजून विणत बसतो. जुन्या खेळांसाठी मुद्दाम केलेले परिवर्तक वेगळे असतात. ‘ओएसएससी’ या परिवर्तकाचा आराखडा तर सर्वांसाठी खुला आहे. तो संपूर्ण चित्र साठवत नाही. आलेली ओळ लगेच दोनदा, तिनदा, चारदा देतो. त्यामुळे उशीर जवळजवळ होतच नाही. त्याला खरा लाभ होतो तो तीन स्वतंत्र रंग मिळाल्यावर.

एक गोष्ट मात्र सुधारत नाही

डक हंटमधील बदके मारायची बंदूक तुम्ही पाहिली असेल. तिच्यातून काही निघत नाही. उलट तिच्यात प्रकाश शिरतो. चाप ओढताच खेळ पडदा क्षणभर काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. नळीतील संवेदकाला त्याच क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. काचेच्या नळीवर उजेड सांगितलेल्या क्षणी पडतो. नव्या पडद्यावर तो काही चित्रांनंतर येतो, तोवर यंत्राने ‘नेम चुकला’ असा निकाल दिलेला असतो. चित्र कितीही सुधारले तरी ही बंदूक नव्या पडद्यावर चालणार नाही. म्हणून घरात चालू स्थितीतला काचेच्या नळीचा संच असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी दोनदा विचार करा. फक्त त्याचे मागचे झाकण स्वतः कधीही उघडू नका. आत वीस हजार व्होल्टहून अधिक विभव असते आणि संच बंद केल्यावरही ते काही काळ टिकून राहते.

कारागीर कसा शोधावा?

१९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचे जाळे वेगाने पसरले आणि त्यामागोमाग तालुक्या-तालुक्याला टीव्ही दुरुस्तीची दुकाने निघाली. आयटीआयमध्ये रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकून आलेली ही पिढी संदेशाचा माग काढण्यात तरबेज होती. कोणत्या टोकाला काय मिळायला हवे, हे त्यांना तोंडपाठ. आज त्यांतील अनेकांची दुकाने मिटली आहेत. दुसरीकडे मोबाइल दुरुस्तीची दुकाने वाढली आहेत. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडच्या परिसरात फिरलात, तर सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या टोकांवर सोल्डर मारणारे तरुण हात दिसतील. या हातांत जे कौशल्य आहे ते जुन्या मेकॅनिकांकडे क्वचितच होते; पण ७५ ओहमचा रोध का लावायचा, हे या तरुणांना सांगणारे कोणी भेटलेले नसते.

आपल्याला हवा असलेला माणूस या दोघांच्या मधोमध आहे. तो एकाच दुकानात मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर दोघांची गाठ घालून द्यावी : संदेश कोठे पकडायचा ते जुन्या मेकॅनिकने दाखवावे, चिप उपटण्याचे काम तरुण कारागिराने करावे. शोधायला बाहेर पडताना पुढील प्रश्न बरोबर न्या.

१. डबा हातात घेतल्यावर तो आधी काय विचारतो? ‘कोणत्या संचाला जोडणार?’ आणि ‘आता चित्र कोठून बाहेर येते?’ असे विचारणारा माणूस योग्य वाटेवर आहे.

२. तो आधी वीजपुरवठा मोजतो की लगेच सोल्डरची कावी गरम करतो?

३. पिवळी तार काढताना मध्ये ट्रान्झिस्टर आणि रोध घालणार काय?

४. चाळीस पायांची चिप काढायची असेल, तर सोल्डर ओढून घेणारे साधन त्याच्याकडे आहे काय? एका निकामी पाटीवर तो तसे करून दाखवील काय? जोराने उपटल्यास पाटीवरील तांब्याचे पातळ वेढे उखडतात आणि मग यंत्र कायमचे जाते.

५. केलेला बदल उद्या काढून यंत्र पूर्ववत करता येईल काय? काढलेले सुटे भाग तो परत देईल काय?

या प्रश्नांनी कोणी रागावत नाही. ज्याला काम येते तो उलट खूश होतो, कारण आपले काम समजणारे गिऱ्हाईक त्यालाही रोज भेटत नाही. लागणारे ट्रान्झिस्टर, रोध, कंडेन्सर स्थानिक दुकानांत मिळतात. न मिळाल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतात. खास पाट्या मात्र बहुधा परदेशातून मागवाव्या लागतात. तेव्हा आपल्या डब्यात चाळीस पायांची चिप आहे की काळा थेंब, हे पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

करून पाहा

१. मोबाइलच्या पडद्यावर पांढरे चित्र लावा आणि बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि तांबडे, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतात. मग थेंब लगेच पुसून घ्या.

२. आलेखाच्या कागदावर ८ × ८ चौकटींत एखादी आकृती रंगवा. ती दुसऱ्या कागदावर बरोबर चौपट करा. तिसऱ्या कागदावर साडेचारपट करून पाहा, पण अर्धी चौकट रंगवायची नाही, हा नियम पाळा. आकृती कोठे फुगली, कोठे चेपली, ते मोजा.

३. मोबाइलच्या मंदगती चित्रणाने, म्हणजे सेकंदाला २४० चित्रे या वेगाने, रिमोटचे बटण आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असे चित्रण करा. बटण दाबल्यापासून मारिओ हलेपर्यंत किती चित्रे गेली, ती मोजा. एक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचे. ‘गेम मोड’ लावून आणि काढून, तसेच सुधारणेपूर्वी आणि सुधारणेनंतर हा प्रयोग दहा-दहा वेळा करा आणि सरासरी काढा.

तिसऱ्या प्रयोगाची वही घेऊनच दुकानात जा. ‘चित्र बरे दिसत नाही’ या तक्रारीवर कारागिराला फारसे काही करता येत नाही. ‘गेम मोडमध्येही उशीर ९० मिलिसेकंदांचा आहे आणि दोन आडवे पट्टे वर सरकतात’ असे सांगितलेत, तर निम्मे निदान तुम्हीच केलेले असेल. शिक्षकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग वर्गाकडून करून घेतल्यास वारंवारता, विद्युतधारा आणि रोध हे धडे विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेर भेटतील. आणि कोणास ठाऊक, संदेशाचा माग आणि सूक्ष्म सोल्डर या दोन्ही विद्या एकाच हातात असलेला खान्देशचा पुढचा कारागीर तुमच्याच वर्गात बसलेला असेल!